बाटली प्यायला किती वेळ लागतो?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी कोल्हापूरच्या राजारामपुरीत अण्णाच्या माडीवर पाऊण तास भांडण चाललं, ते या एका प्रश्नावरून. वहिनी चहा घेऊन वर आल्या, हे वाक्य ऐकून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "कुठली बाटली?" मग सगळ्यांनी मिळून खुलासा केला, की वहिनी, बाटली औषधाची आहे, खेळातली आहे, आणि ज्याला ती प्यायची आहे तो माणूस मुळात अस्तित्वातच नाही. वहिनींना पटलं असं वाटत नाही. चहाचा ट्रे ठेवून गेल्या.

खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. तो म्हणतो, "तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात. आत मशाल जळतेय, पण माणूस दिसत नाही. काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर. आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडदा नाही, कन्सोल नाही. सोंगट्या असल्या तर असल्या. शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही; गोष्ट पुढं जात राहते, कधी कधी दोन-दोन वर्षं. आमचा डीएम अण्णा आठवडाभर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत असतो आणि रविवारी किल्ले बांधतो. त्याच्या किल्ल्यांची नावं परदेशी असतात, पण नकाशा दर वेळी पन्हाळ्याचा निघतो. तीन दरवाजा आणि अंधारबाव तर आम्ही आता डोळे मिटून ओळखतो.

त्या रविवारी माझा भाचा पहिल्यांदा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम त्यानं दोनदा संपवलेला. ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं आणलेला हा गेम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर बेतलेला आहे, त्यामुळं नियम आपल्याला पाठ आहेत अशी त्याची खात्री होती. लढाईत त्याच्या पात्राला सणसणीत मार बसला. तो म्हणाला, "मी बाटली पितो, आणि तलवारपण मारतो."

अण्णा म्हणाला, "दोन्ही न्हाई. बाटली प्यायलास की तुझी पाळी संपली."

"मामा, गेममध्ये चालतं की!"

"भावा, ह्यो कॉम्प्युटरचा गेम न्हवं," अण्णा म्हणाला, आणि पेटलं.

"हे तर व्हिडिओ गेमसारखं झालं" हे वाक्य या खेळाच्या चाहत्यांत शिवीसारखं वापरलं जातं. गेली पंचवीसेक वर्षं ते भांडतायत, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू एकच वाक्य उच्चारून वेगवेगळ्या गोष्टींवर चिडलेल्या असतात. म्हणून आधी बघू की कुणी कुणाकडून काय उचललं.

आज कुठलाही मोबाईल गेम उघडा. लेव्हल दिसेल, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण दिसतील, हिट पॉइंटची, म्हणजे जीव किती उरला ते दाखवणारी लाल पट्टी दिसेल, पात्रांचे क्लास म्हणजे पेशे दिसतील. हे सगळं या टेबलावरून तिकडं गेलंय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीत विकायला काढला. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या १,०००. क्लास तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी आला. (चोराशिवाय हा खेळ लोक कसा खेळत असतील, देव जाणे.)

हिट पॉइंटची कथा तर ऐकण्यासारखी आहे. आर्नेसनची मंडळी आधी ज्या युद्धखेळाच्या नियमांनी खेळत होती, त्यात एक वार बसला की सोंगटी मेली. पलटणीचा एक शिपाई मेला तर कुणाला काही वाटत नाही. पण तुम्ही नाव ठेवलेलं, महिनाभर सांभाळलेलं पात्र एका वारात गेलं तर जीव हळहळतो. मग आर्नेसननं आरमारी युद्धखेळातली युक्ती आणली. तिथं जहाज एका गोळ्यानं बुडत नाही, चार-सहा तडाखे सोसतं. ते सोसणं त्यानं माणसाला दिलं. म्हणजे आज मोबाईलवर जी लाल पट्टी कमी होताना दिसते, ती मुळात जहाजाची आहे.

कॉम्प्युटरवाल्यांनी अजिबात वेळ लावला नाही. १९७५ मध्येच अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी तळघरं आणि राक्षस टाकायला सुरुवात केली. त्यातल्या एका गेमचं नाव होतं 'पेडिट५'. नाव असं रटाळ का, तर अभ्यासाची फाइल वाटावी म्हणून. तरी व्यवस्थापकांनी ती पुसलीच. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आला, तो जपानला आवडला, आणि तिथून 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६), 'फायनल फँटसी' (१९८७) ही मोठी घराणी उभी राहिली. दुसरीकडं बऱ्याच लोकांनी एकत्र खेळायचे मजकुरी गेम निघाले, त्यांतून १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. तिथं जी विभागणी रुळली, एकानं पुढं उभं राहून मार खायचा तो टँक, एकानं मागून बरं करायचं तो हीलर, बाकीच्यांनी मारायचं, तीसुद्धा लढवय्या पुढं आणि धर्मगुरू मागं या जुन्याच मांडणीला पैलू पाडून झालेली.

तेव्हा माहेरची वस्तू सासरहून नवा मुलामा घेऊन परत आली, एवढ्यावर कुणी चिडायचं कारण नव्हतं. पण २००८ मध्ये चिडले, आणि असे चिडले की घरं फुटली.

त्या वर्षी जूनमध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे तेव्हा जगभर १ कोटी सभासद झाले होते. नव्या पुस्तकात प्रत्येक क्लासला एक काम नेमून दिलेलं होतं. डिफेंडरनं अडवायचं, स्ट्रायकरनं मारायचं, लीडरनं सावरायचं, कंट्रोलरनं मैदान हलवायचं. प्रत्येकाला 'पॉवर' मिळाल्या, चौकटीत छापलेल्या: काही केव्हाही वापरायच्या, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. अंतर फुटांऐवजी चौकोनांत. जुन्या खेळाडूंनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, हा तर कागदावर छापलेला वॉरक्राफ्ट!

आता इथं मी दोन्ही बाजूंनी बोलणार आहे, कारण दोन्ही बाजूंनी मी भांडलोय.

चौकोनांबद्दलची तक्रार मला कधीच पटली नाही. १९७४ च्या पुस्तिकांत अंतरं इंचांत दिलेली होती, कारण खेळ सोंगट्यांच्या युद्धखेळातूनच निघाला होता. डिफेंडर म्हणजे टँकच, हा आरोपही अर्धाच खरा. वॉरक्राफ्टमध्ये टँकनं राक्षसाला डिवचलं की राक्षसाला त्याच्याकडंच वळावं लागतं, त्याला दुसरा पर्यायच नाही. चौथ्या आवृत्तीत लढवय्यानं शत्रूला 'मार्क' केलं, तर तो शत्रू दुसऱ्या कुणावर वार करू शकतो. फक्त त्याच्या फाशातून दोन वजा होतात, आणि लढवय्या शेजारी असेल तर त्याला एक फुकटचा वार मिळतो. म्हणजे राक्षसाच्या वतीनं डीएम विचार करू शकतो, हा धोका पत्करू की नको. यंत्राला ही तारांबळ होत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि वॉरक्राफ्ट-वॉरक्राफ्ट ओरडणाऱ्यांनी तो कधी लक्षातच घेतला नाही.

पण एक पॉवर होती, जिच्यापुढं माझी वकिली संपते. लढवय्याला सातव्या लेव्हलला मिळायची. आमच्याकडं तिचं नाव पडलं 'शड्डू'. लढवय्यानं ललकारी दिली की तीन चौकोनांतले सगळे शत्रू ओढल्यासारखे त्याच्याजवळ येणार, आणि मग तो सगळ्यांना एकदम झोडपणार. पैलवानानं शड्डू ठोकला आणि समोरचा पैलवान चिडून अंगावर आला, हे खासबागच्या मैदानात बसलेल्या कुणालाही पटेल. पण समोर तिरंदाज असेल, आणि त्याला लांबूनच बाण मारणं सोयीचं असेल, तर तो धनुष्य घेऊन गदेच्या टप्प्यात का येईल? या खेळात जेलीचा एक चौकोनी गोळा असतो, त्याला कान नाहीत, डोळे नाहीत, मान-अपमान तर नाहीच. तो शड्डू ऐकून कसा सरकतो? आणि वर, शड्डू एका लढाईत एकदाच का ठोकता येतो, मांडी दुखते काय? नंतर निर्मात्यांनी दुरुस्ती काढली, की शत्रूच्या मनोबलावर फासा जिंकला तरच तो ओढला जाईल. थोडक्यात, तक्रारीत दम होता.

मग कुणी म्हणेल, मांत्रिकाचं काय? जुन्या आवृत्त्यांत मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करायचा, तो एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ. दिवसातून एकदाच, हाही नियमच. पण त्याला कुणी व्हिडिओ गेमसारखं म्हटलं नाही. का? कारण त्या 'एकदाच'ला गोष्टीत कारण होतं: मंत्र ही डोक्यात कोंडलेली वस्तू आहे, सोडली की गेली. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आलेली. लढवय्याच्या 'एकदाच'ला मात्र समतोल साधायचा आहे यापलीकडं कारण नव्हतं. माझ्या मते "व्हिडिओ गेमसारखं" या शिवीचा पहिला खरा अर्थ हा आहे: नियम बरोबर चालतोय, पण गोष्टीत तसं का होतंय हे कुणाला सांगता येत नाही.

दुसरा अर्थ समजायला शिवा काशिद आठवावे लागतात.

जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. हा प्रसंग कॉम्प्युटर गेममध्ये कसा असेल? चाल करा, तह करा, रात्री निसटून बघा, असे पर्याय असतील, आणि चांगल्या गेममध्ये आणखी पाच-सहा. पण आपल्यासारखा दिसणारा एक माणूस महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसवून शत्रूच्या हाती लागू द्यायचा, हा पर्याय गेम बनवणाऱ्याला आधी सुचला असेल तरच पडद्यावर येईल. टेबलावर तो कुणालाही, कुठल्याही क्षणी सुचू शकतो, आणि डीएमला तिथल्या तिथं ठरवावं लागतं की जौहरची माणसं किती वेळ फसतील. जुन्या पठडीतले खेळाडू म्हणतात, उत्तर पात्राच्या क्षमता लिहिलेल्या कागदावर शोधू नका. चौथ्या आवृत्तीबद्दल त्यांची भीती ही होती, की समोर दहा पॉवर छापलेल्या असल्या की माणूस अकरावी गोष्ट सुचवतच नाही. पुस्तकात बंदी नव्हती, हे खरंय. पण आमच्याच टेबलावर मी हे पाहिलंय. कागदावर पॉवर जास्त आल्या की पोरं कागदाकडं बघायला लागतात आणि अण्णाकडं बघायची थांबतात.

आता जरा मागं जातो, कारण या भांडणाचं वय लोकांना वाटतं त्याहून बरंच जास्त आहे. आपलं चतुरंग फिरत फिरत युरोपात गेलं. तिथं १७८० मध्ये हेलविग नावाच्या जर्मन माणसानं बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यात डोंगर, नद्या, तोफा आणल्या. त्यातूनच पुढं प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावरचा युद्धखेळ बसवला आणि १८२४ पासून तो सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला वापरला जाऊ लागला. फासे, तक्ते, नियम, आणि वर एक पंच. नियम इतके वाढले की खेळणारे कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं मांडलं, की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. झालं, दोन तट पडले. एक म्हणे नियमाशिवाय पंचाची मनमानी. दुसरा म्हणे नियमांच्या जंजाळात युद्ध कुठं दिसतच नाही. तेव्हा व्हिडिओ गेम तर सोडाच, विजेचा दिवाही घरोघर नव्हता.

कोल्हापुरात हे भांडण समजावून सांगायला लागू नये. माती आणि मॅटचं भांडण इथं प्रत्येक तालमीत झालंय. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक पकडीचे गुण, वाद झाला तर कॅमेरा. मातीवर चितपट होईपर्यंत झुंज, आणि वस्तादाचा शब्द. जुन्यांना मॅटवर रग दिसत नाही, नव्यांना मातीवर न्याय दिसत नाही. अण्णा मातीचा माणूस आहे. माझा भाचा मॅटचा. त्याला दर वेळी तोच नियम हवा, मग डीएमचा मूड कसाही असो, आणि त्यात काही गैर नाही. मनमानी करणारा डीएम ज्यानं अनुभवलाय त्याला विचारा.

चौथ्या आवृत्तीचं पुढं काय झालं ते पटकन सांगतो. नाराज मंडळींसाठी पायझो कंपनीनं जुन्या नियमांवर आधारलेला 'पाथफाइंडर' २००९ मध्ये काढला आणि तो जोरात चालला. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, जुन्या कपड्यांत. अंतरं परत फुटांत, पॉवर हा शब्द गायब. पण कपड्यांच्या आत बघा: थोडी विश्रांती घेतली की परत मिळणाऱ्या क्षमता, मांत्रिकाला हवे तितके वेळा टाकता येणारे छोटे मंत्र, स्वतःचं स्वतः सावरण्याची सोय. बरीचशी २००८ चीच मंडळी, नाव बदलून राहायला आलेली. यावर फार कमी लोक चिडले. इतर काही खेळांनी तर लपवाछपवी सोडूनच दिली; इटलीचा 'फाबुला अल्टिमा' उघड सांगतो, की आम्हाला जपानी कन्सोल गेमची मजा टेबलावर आणायची आहे. तिथं कुणी भांडायला जात नाही.

मरणाबद्दल मात्र माझी स्वतःची तक्रार आहे, तेवढी नोंदवतो. १९७४ मध्ये हिट पॉइंट शून्य झाले की पात्र मेलं. पाचव्या आवृत्तीत शून्यावर तुम्ही पडता, मग फासे टाकत राहायचं. दहा किंवा जास्त आलं तर यश. तीन यशं आली तर वाचलात, तीन अपयशं आली तर मेलात. मधे कुणी येऊन एक जरी हिट पॉइंट दिला, की उठून लगेच तलवार चालवायला मोकळे. पोरं याला सरळ 'नॉक' आणि 'रिव्हाइव्ह' म्हणतात, पबजीतले शब्द. परवा एका लढाईत आमचा मांत्रिक चार वेळा पडला आणि चार वेळा उठला. पाचव्यांदा पडला तेव्हा कुणी वळूनही बघितलं नाही, एकजण तर वडापाव खात होता. हा नियम व्हिडिओ गेममधून आलाय की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. मला एवढंच म्हणायचंय, की पडलेल्या माणसाकडं टेबलानं वळून बघायला पाहिजे.

तर, बाटली.

२०१४ च्या पुस्तकात आपल्या पाळीला एक मुख्य कृती असते, आणि काहींना एक छोटी, तिला बोनस ॲक्शन म्हणतात. बाटली पिणं ही मुख्य कृती. दोन चार-बाजूंचे फासे अधिक दोन, एवढे हिट पॉइंट मिळणार, म्हणजे कधी कधी फक्त चार, आणि त्यासाठी वार सोडायचा. हा व्यवहार परवडत नाही म्हणून कितीतरी टेबलांनी घरचा नियम केला, की पिणं ही छोटी कृती धरा. 'बाल्डर्स गेट ३'नं तेच केलं. २०२४ मध्ये नव्यानं लिहिलेल्या पुस्तकात अधिकृत नियमही तोच झाला. अण्णाचं म्हणणं पडलं, की बघा, गेम विकला गेला म्हणून पुस्तक वाकलं.

मी माझ्याकडची चौथी आवृत्ती उघडून त्याच्यासमोर धरली. २००८. बाटली पिणं: छोटी कृती. तेही फुकट नाही; दिवसभरासाठी शरीरात जी सावरायची ताकद मोजून दिलेली असते, तिच्यातला एक भाग खर्च करून. ज्या पुस्तकाला व्हिडिओ गेम म्हणून हाकललं, त्यातला नियम सोळा वर्षांनी व्हिडिओ गेमच्या वाटेनं परत आला होता. अण्णानं पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "चालतंय. स्वतः प्यायची असंल तर छोटी कृती. दुसऱ्याला पाजायची तर पूर्ण पाळी. पडलेल्या माणसाचं तोंड उघडायला वेळ लागतो." २०२४ च्या पुस्तकात पाजणंही छोटीच कृती आहे, पण मी गप्प बसलो.

वाटलं मिटलं. तेवढ्यात ओढ्यापलीकडं आमचा मांत्रिक सवयीप्रमाणं पडला, आणि भाचा म्हणाला, "मी बाटली फेकतो त्याच्यावर." त्याच्या गेममध्ये हे चालतं. बाटली फेकायची, फुटली की शिंतोडे उडतील त्याला बरं वाटतं, दर वेळी, हमखास. इथं माझाही सिद्धांत जरा डळमळला, कारण या वेळी यंत्र मोकळं होतं आणि टेबल अडून बसलं होतं.

अण्णानं विचारलं, "बाटली काचेची हाय न्हवं? तोंडावर फुटली तर बरा होईल का दात पडतील?"

भाच्यानं तोंड उघडलं, मिटलं. कागदाकडं बघितलं, तिथं काही नव्हतं. मग म्हणाला, "अण्णा, ओढा केवढा आहे?"

"पंधरा फूट. पावसाचं पाणी, जोरात."

"माझ्याकडं पागोटं आहे ना? मी बाटली पागोट्यात गुंडाळतो, आणि गोफणीसारखी फिरवून त्याच्या शेजारच्या चिखलात टाकतो. फुटणार नाही. तो शुद्धीवर असलेला तिकडचा चोर उचलून पाजेल."

अण्णा थोडा वेळ पावसाकडं बघत बसला. मग म्हणाला, "पंधरा पाहिजेत."

फाशावर नऊ आले. पागोटं सुटलं, बाटली दगडावर आपटून ओढ्यात गेली.

"ओढ्यातले मासे एकदम ठणठणीत," अण्णा म्हणाला, आणि वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी त्याच ओढ्यातून म्हशीएवढा एक मासा वर आला. अंगावर एक ओरखडा नव्हता, आणि गळ्यात भाच्याचं पागोटं होतं.